तुम्ही विचारलंत म्हणून: तो बेसबॉल खेळाडू आमच्याकडे का राहायचा?

पुण्याला गेले की कुणी ना कुणी विचारतंच. "प्रोफेशनल बेसबॉल खेळाडू ना तो? मग तुमच्या बेसमेंटमध्ये फुकट कसा?"

गोष्ट २०१९ ची, अमेरिकेतल्या आयोवातली. गावच्या संघात तो पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा होता, वय वीस, मूळचा डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सान पेद्रो दे माकोरीसचा. तिकडे सोळाव्या वर्षी करार करता येतो. त्याने केला आणि शाळा सुटली. वडील मोटरसायकलवरून सवाऱ्या न्यायचे. कराराच्या पैशातून घरावर स्लॅब पडला, त्याआधी त्याला तयार करणाऱ्या 'बुस्कोन'ने आपला वाटा काढून घेतला.

तुम्ही वाचता ते कोट्यवधींचे आकडे मेजर लीगचे, म्हणजे सगळ्यांत वरच्या स्तराचे. आमच्या गावचा संघ त्याच्या बराच खालच्या पायरीवर, सिंगल-एमध्ये. तिथला किमान पगार तेव्हा आठवड्याला २९० डॉलर होता, तोही हंगामापुरता. मार्चमधल्या सरावाला पगार नव्हता. पाच महिन्यांत १४० सामने, आणि केंटकीतल्या बोलिंग ग्रीनला खेळायचं तर रात्रभर बस. एवढ्यात घरभाडं कुठून भरणार? म्हणून गावातली कुटुंबं एकेकाला ठेवून घ्यायची.

सामना संपवून तो साडेअकराला यायचा. उजव्या खांद्यावर बर्फाची पिशवी प्लास्टिकने गुंडाळलेली, त्यामुळे डाव्या हाताने जेवायचा. (माझी आजी असती तर पानावरून उठवलं असतं.) राजमा-भात बघून पहिल्या दिवशी त्याचे डोळेच भरून आले, कारण त्याच्या घरी रोज दुपारी तेच. रवा लावून तळलेले कच्च्या केळ्याचे काप तर तो उभ्या उभ्या संपवायचा.

मला आपलं कौतुक वाटायचं. आजोळी तालमीतल्या पैलवानाला घरोघरचं दूध जायचं, तसंच हे. नवरा म्हणाला, "अगं, तालमीला मालक नसतो." खरंच होतं ते. आम्ही पाहुणचार करत होतो आणि भाडं वाचत होतं मेजर लीग संघांच्या अब्जाधीश मालकांचं. वर २०१८ मध्ये अमेरिकी संसदेने दोन हजारांवर पानांच्या खर्चाच्या विधेयकात एक कलम घुसवून या मुलांना किमान वेतन आणि ओव्हरटाइमच्या कायद्यातून जवळपास बाहेरच काढलं होतं.

२०२० चा हंगाम कोविडने खाल्ला. तो रद्द झाल्याचं जाहीर होण्याआधीच, मे महिन्यात, त्याला फोनवर 'रिलीज' केलं, म्हणजे काढून टाकलं. २०२२ पासून राहायची सोय संघांवर सक्तीची झाली, २०२३ मध्ये युनियनच्या करारानं सिंगल-एचा किमान पगार वर्षाला २६,२०० डॉलरवर गेला. आमच्या बेसमेंटमध्ये आता ट्रेडमिल आहे.

तो सान पेद्रोत बारा-तेरा वर्षांपासूनच्या पोरांना पिचिंग शिकवतो. परवा फोनवर म्हणाला, एकाचा करार जवळ आलाय. मी विचारलं, "तुझा वाटा किती?" तो हसला, आणि केळ्याच्या कापांना रवा जाड लावायचा की बारीक, ते विचारायला लागला.