आमची वाटचाल : भट्टी, अख्खा मसूर आणि नेपाळातले छपराचे पत्रे

वडिलांनी सांगलीत मार्केट यार्डाच्या बाहेर खाणावळ टाकली तेव्हा गिऱ्हाईक ठरलेलं होतं. हमाल, तोलाईदार, हळद घेऊन आलेले शेतकरी. पिठलं, भाकरी, मटकीची उसळ, वर ठेचा. पाटी नव्हती आणि उधारीची वही मात्र जाडजूड होती. पुढं मारुती चौकाजवळ गाळा मिळाला, तंदूरची भट्टी बसवली, आणि रोटीला हात बसलेला माणूस हवा म्हणून दाजू आले. नेपाळातल्या सिंधुपाल्चोकचे. नेपाळी पोरं त्यांना दाजू, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायची, म्हणून आम्हीही दाजूच म्हणायला लागलो. आमचा अख्खा मसूर चालला तो त्यांच्या रोटीमुळं, हे मी कुणापुढंही कबूल करतो. मसूर काय, पेठ नाक्यापासून कराडपर्यंत सगळेच करतात.

२५ एप्रिल २०१५, शनिवार. आपल्याकडं पावणेबारा वाजायला आले होते, दुपारच्या कणकेचे गोळे चालू होते. भूकंपाची बातमी टीव्हीवर आली तेव्हा आधी फक्त काठमांडू दिसत होतं. ७.८ रिश्टर, केंद्र गोरखा जिल्ह्यात. दाजूंचा फोन लागेना. त्या भूकंपात सगळ्यात जास्त माणसं त्यांच्याच जिल्ह्यात गेली, हे नंतर कळलं. त्यांच्या घरची वाचली, घर नाही. दगड-मातीच्या भिंती, त्या कितीशा तग धरणार?

मदत करायची हे पाच मिनिटांत ठरलं. कशी, यावर दोन दिवस वाद झाला. कुणी म्हणालं कपडे गोळा करू, कुणी धान्याचा ट्रक. वडिलांनी १९६७ चा कोयनेचा भूकंप स्वतः अनुभवलेला आणि १९९३ ला किल्लारीसाठी भाकऱ्या बांधून दिलेल्या. त्यांचं म्हणणं एकच, ‘लांबच्या माणसाला शिजवलेलं पाठवू नका, पैसे पाठवा.’ मग एका रविवारचा सगळा गल्ला काढायचा ठरवलं. नफ्यातले दहा टक्के वगैरे नाही, कारण हॉटेलवाल्याचा नफा किती यावर गिऱ्हाइकाचा कधीच विश्वास बसत नाही. गल्ला म्हटलं की हिशेब संपला. शेजारचा वडेवाला आला, चौकातले चहावाले आले, उडुपीवाले अण्णा आले. संध्याकाळी प्रत्येकाचा आकडा आमच्या ‘आजचा स्पेशल’च्या फळ्यावर खडूनं लिहिला.

तोंडावर विचारणारेही होते. ‘आपल्याच जिल्ह्यात जत-आटपाडीला पाण्याचे टँकर चालू आहेत, आणि तुम्ही निघालात नेपाळला?’ प्रश्न चुकीचा नव्हता. मी एवढंच म्हणायचो, जतच्या टँकरसाठी फळा लावा, मी पहिला आकडा लिहितो. बहुतेक जण तिथंच गप्प व्हायचे, पण एकानं खरंच लावला आणि मला लिहावा लागला. काही जणांना ८०जी ची, म्हणजे देणगीवर आयकरात सूट मिळणारी, पावती हवी होती. आम्ही ट्रस्ट नाही, हॉटेल आहोत. पावती कुठली देणार?

पैसे पोचवणं ही वेगळीच कथा. एका बँकेतल्या साहेबांनी नेपाळ म्हणजे परदेश म्हणून डॉलरचा फॉर्म पुढं केला. खरं तर रिझर्व्ह बँकेची भारत-नेपाळ पैसे पाठवण्याची सोय २००८ पासून आहे, एनईएफटीनं रुपयांतच, तिकडं नेपाळ एसबीआय बँकेमार्फत मिळतात. तेव्हा एका वेळी पन्नास हजारांची मर्यादा होती. ती दुसऱ्या शाखेतल्या एका बाईंनी शांतपणे समजावली. आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशेसाठ, हा दर १९९३ पासून तसाच आहे, त्यामुळं हिशेबात घोळ नाही. दाजूंच्या भावाच्या खात्यावर टप्प्याटप्प्यानं रक्कम गेली. १२ मे ला पुन्हा ७.३ चा धक्का बसला आणि पावसाळा तोंडावर होता, म्हणून गावानं त्या पैशातून आधी छपराचे पत्रे घेतले. भावानं फोटो पाठवला. बांबूवर वाकवलेले नवे कोरे पत्रे, वर दगड ठेवलेले, आणि खाली आमच्या दाजूंची आई चुलीपाशी. तो फोटो प्रिंट काढून फळ्याशेजारी चिकटवला. त्यानंतर कुणी ‘पैसे गेले कुठं’ विचारलं नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला आणि आमचीच पाळी आली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. फ्रीझर तरंगून उलटा झाला, भट्टीची माती विरघळून गेली. बाहेरून मदत भरपूर आली, त्यांचे उपकार आहेतच, पण जुन्या कपड्यांचे ढीग चौकात भिजत पडले आणि आम्ही फिनेल, खराटे, बादल्या शोधत होतो. वडिलांचं म्हणणं तेव्हा नीट पटलं. शहरातल्या चायनीजच्या गाड्यांवरच्या नेपाळी पोरांनी आपसात वर्गणी काढली, गाळ उपसायलाही तीच होती. नवी भट्टी त्या वर्गणीतून उभी राहिली. मी नको म्हणालो, दाजूंनी ऐकलं नाही.

तुर्कीच्या भूकंपाच्या वेळी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, पन्नास हजारांहून जास्त माणसं गेली तरी आमच्या फळ्यावरचे आकडे छोटेच राहिले. भारत सरकारनं जवान आणि फौजी दवाखाना पाठवला, ते बघून लोकांना वाटलं झालं काम. ओळखीचा माणूस नसला की हात आखडतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात नेपाळातल्या जाजरकोटला भूकंप झाला, तर आकडे पुन्हा वाढले. दोन पोरं त्याच भागातली, रोट्या वाढताना दिसत होती ना.

आता पद्धत ठरली आहे. मदतीच्या दिवशीच्या विक्रीचे पैसे जीएसटीसकट विक्रीतच धरायचे, कर आमच्या खिशातून, आणि वरून द्यायचं असेल त्यानं ज्या पोराचं गाव असेल त्याच्या खात्यावर थेट द्यायचं. हॉटेलच्या क्यूआर कोडवर दान घ्यायचं नाही, हे आमच्या सीएंनी दटावून सांगितलंय.

विश्रामबागेत दुसरी शाखा सुरू आहे, तिथली भट्टी दाजूंचा पुतण्या सांभाळतो. त्यांचा मोठा सण दसरा. दसऱ्याच्या आसपास पोरं गोरखपूरमार्गे सोनौलीच्या सीमेवरून गावी जातात, तेव्हा रोटी मिळणार नाही, भाकरी मिळेल.