निवतीचे कातळ, दहा ग्रॅमचा जिग आणि रॉडवरचा खोटा आकडा

गरवायच्या रॉडच्या मुठीच्या वर ल्यूरच्या (खोट्या आमिषाच्या) वजनाचे दोन आकडे छापलेले असतात. त्यातला मोठा आकडा बऱ्याचदा खरा निघतो, लहान आकडा विकणाऱ्याच्या सोयीचा असतो. माझ्या रॉडवर '१०–४० ग्रॅम' असं छापलेलं होतं. प्रत्यक्षात २५ ग्रॅमच्या खाली तो रॉड जागाच होत नाही. हे मला कळलं ते सिंधुदुर्गातल्या भोगवे-निवतीच्या कातळावर, समोर मासा उसळत असताना आणि परतीचा रस्ता भरतीनं बुडायला लागलेला असताना. हलके ल्यूर घेऊन तिकडे गरवायला जाणार असाल तर आधी हे वाचा. रीळ, गाठी, ड्रॅग हे सगळं येतं असं धरून चाललोय. ओल्या, शेवाळलेल्या खडपावर उतरायची सवय नसेल तर भोगव्याच्या पुळणीवरच थांबा, तिथंही वेळ चांगला जातो.

हलकं ल्यूर कशासाठी? कारण थंडी सरता सरता तिथं दागोळ हे शिकारी मासे पेडव्यांच्या थव्यामागे लागलेले असतात आणि ते पेडवे बोटाएवढे असतात. अशा वेळी ४० ग्रॅमचा जिग (धातूचं ल्यूर) धप्पकन पडला की सगळा थवा खाली बसतो. ७ ते १२ ग्रॅमचा बारीक जिग, नाहीतर ७ ग्रॅमच्या जिगहेडवर (वजनदार डोक्याच्या गळावर) रबरी शेपटी, एवढंच चालतं. आणि मासा असतो कातळापासून पन्नासेक मीटरवर. म्हणजे हलकंही टाकायचं आणि लांबही. या दोन गोष्टी एकत्र मागितल्या की दुकानातले निम्मे रॉड बाद होतात, आणि नेमके तेच आपल्या गळ्यात मारले जातात.

शहरातल्या दुकानात मी स्पष्ट विचारलं होतं, "दहा ग्रॅम लांब जायला हवं." समोर आला दहा फुटी रॉड. "जेवढा लांब रॉड तेवढं लांब जातं, साहेब. तीस टन कार्बन आहे." लांबीचं म्हणणं अर्धं खरं आहे. लांब रॉडचं टोक जास्त वेगानं फिरतं, पण ते फेकणाऱ्याच्या हातात तेवढा जोर असेल तर, आणि ल्यूरच्या वजनानं रॉड वाकत असेल तर. रॉड वाकतो, ताण साठवतो आणि सुटताना ल्यूरला ढकलतो, सगळी फेक यावर चालते. दहा ग्रॅमनं जो वाकतच नाही, त्याच्याशी आपण फक्त दंडाच्या जोरावर झगडत राहतो. वर लांब रॉडच्या टोकाचं स्वतःचं वजन. तेच हलवण्यात ताकद जाते, ल्यूरपर्यंत काही पोचत नाही. तीस टन, चाळीस टन हा कार्बनच्या ताठपणाचा आकडा असतो, फेकीच्या लांबीचा नव्हे. जास्त टनाचा कार्बन हलका आणि ताठ असतो, पण ठिसूळही. कातळावर आपटला तर संपला.

आता तो पट्टा. भोगव्याच्या पुळणीचं दक्षिण टोक संपलं की निवती किल्ल्याच्या बाजूला कातळ सुरू होतात. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पुनव-अमावास्येच्या आसपास, पहाटे सुकती (ओहोटी) असते आणि कातळाच्या पायऱ्या उघड्या पडतात. उतरताना सगळं सोपं वाटतं. वाटेत एक घळ आहे, कमरेएवढी खोल, दोन्ही कडांना कालवं. सकाळी ती कोरडी असते. भरती अकरा-बाराच्या सुमारास भरते, पण घळीत पाणी त्याच्या कितीतरी आधी शिरतं. साडेनऊलाच तिथं लाट आत-बाहेर करत होती. एका हातात दहा फुटी रॉड, दुसरा हात कालवांवर, अशी ती घळ ओलांडावी लागली. तळहाताला पडलेली चीर अजून ठसठसते आहे. उधाणाला या कातळावर जाऊ नका, गेलातच तर नऊच्या आत परत फिरा. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास जा, पाणी कमी चढतं आणि जीवाला घोर राहत नाही. हातमोजे न्या. रबरी चप्पल घालून येणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

सकाळभर वारा पाठीशी होता, मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा. फेकायला याहून चांगली वेळ नाही, आणि तरी माझा जिग तीस मीटरच्या पुढे जाईना. अंतर डोळ्यांनी मोजू नका, समुद्रावर डोळा फसवतो. रीळाचे फेरे मोजा. साध्या गियरचं २५०० आकाराचं रीळ एका फेऱ्यात साधारण ७५ सेंटीमीटर लाइन ओढतं. माझे फेरे चाळीसच्या आसपास भरत होते, म्हणजे तीस मीटर. मासा पन्नासवर.

तेवढ्यात मस्कतहून सुट्टीवर आलेले एक काका शेजारच्या दगडावर येऊन उभे राहिले. हातात साडेआठ फुटी जुना जपानी रॉड, माखुल (स्क्विड) पकडायला वापरतात त्या जातीचा. माझ्याच वजनाचा जिग, मनगटाला फार झटका न देता त्यांनी सोडला आणि तो बरोब्बर उसळीच्या पलीकडे पडला. माझा रॉड त्यांनी हातात घेतला, टोक हलवून पाहिलं आणि म्हणाले, "रॉड बरो आसा रे, पण ह्या ल्यूराचो त्याका पत्तोच नाय."

मग आम्ही अदलाबदल केली, आणि हाच या सगळ्या फेरीतला कामाचा भाग. माझं रीळ त्यांच्या रॉडवर चढवलं, फेरे चाळीसवरून चोपन्नपर्यंत गेले. म्हणजे दहा मीटर निव्वळ रॉडचे. मग त्यांचं रीळ, तेही २५०० चंच, त्यांच्याच रॉडवर ठेवून मी फेकलं. बहात्तर. हे वरचे तेरा-चौदा मीटर लाइनचे. माझ्या रीळावर दुकानदारानं '२० पाउंड' लिहिलेली जाड ब्रेडेड लाइन भरून दिली होती, तीही काठापासून अर्धा सेंटीमीटर खाली. त्यांच्यावर पीई ०.८ ची, म्हणजे बरीच बारीक, काठापर्यंत जेमतेम दीड मिलिमीटर सोडून भरलेली.

म्हणून रॉडआधी लाइनबद्दल बोलतो. पाउंडाचा आकडा बघून लाइन घेऊ नका, जाडी बघा. जपानी पीई मापात १ म्हणजे साधारण ०.१६५ मिमी, ०.८ म्हणजे ०.१५ च्या आसपास आणि २ म्हणजे ०.२३५. हलक्या ल्यूरला ०.६ ते १ एवढंच पुरे. जाड लाइनला वारा धरतो, रिंगांमध्ये ती घासते, आणि दहा ग्रॅमच्या जिगकडे ती ओढून न्यायला जोर नसतो. पुढे हातभर-दीड हात फ्लुओरोकार्बनचा लीडर लावा, नाहीतर कालवं पहिल्याच माशाला लाइन कापतील. लाइन आणि लीडर जोडायला एफजी ही बारीक बसणारी गाठच मारा, जाड गाठ रिंगेत टकटक करत अडते आणि पाच मीटर तिथंच जातात. साधा तंगूस भरून तिथं जाणाऱ्यांनी परत फिरावं.

आता रॉड. भोगवे-निवतीसाठी, आणि एकूणच कोकणातल्या कातळावरून ७ ते १५ ग्रॅम फेकायला, साडेआठ ते नऊ फूट, एमएल (मीडियम लाइट), छापील वजन ५ किंवा ६ पासून २५-२८ पर्यंत. याच्या पलीकडे शोधू नका. ईगिंगचा, म्हणजे माखुल पकडायचा रॉड मिळाला तर डोळे मिटून घ्या. त्याचं टोक मऊ आणि मधला भाग जोरदार असतो, हलक्या जिगला हेच हवं असतं. सीबास माशासाठीचा एमएलही चालतो, जरा लांब असतो इतकंच. त्याहून हलका एल (लाइट) घेतलात तर ७ ग्रॅम झकास जाईल, पण दागोळ कातळाकडे पळाला की थांबवता येणार नाही. सगळा रॉड मुळापासून वाकणारा नको, त्यानं नेम जातो. फक्त टोकच वाकणारा खूप फास्ट रॉडही नको. छापलेल्या वजनाच्या मधल्यापासून वरच्या भागात रॉड सगळ्यात चांगला फेकतो. म्हणून १० ग्रॅम फेकायचं असेल तर खालचा आकडा १० असलेला रॉड तुमच्यासाठी नाही. एवढं एक वाक्य त्या दुकानात कुणी सांगितलं असतं तर माझे चार हजार वाचले असते.

दुकानात जाताना स्वतःचं रीळ आणि स्वतःचा १० ग्रॅमचा जिग घेऊन जा. लाइन सगळ्या रिंगांतून ओवा, जिग टोकाखाली हातभर लोंबू द्या आणि रॉड आडवा धरा. टोक डोळ्याला दिसेल इतकं खाली आलं पाहिजे. नंतर जिग हलकेच झुलवा, टोकानं त्याच्याबरोबर डोललं पाहिजे. काठी निश्चल राहिली तर रॉड परत रॅकमध्ये. माझ्या दुकानदारानं "इथं जागा नाही, बाहेर हलवू नका" म्हणून हे करू दिलं नव्हतं. जो करू देत नाही त्याच्याकडून घेऊ नका, विषय संपला. रिंगाही बघा. पहिली रिंग मोठी आणि पुढच्या लगेच लहान होत गेलेल्या, ठेवण अशी असावी. सर्फ रॉडसारख्या शेवटपर्यंत मोठाल्या रिंगा असतील तर बारीक लाइन आत फडफडत राहते. कानातला कापूस प्रत्येक रिंगेत फिरवा. कुठं धागा अडकला तर आतली कड तडकलेली आहे.

टेलिस्कोपिक रॉड घेऊ नका. बॅगेत बसतो हा त्याचा एकमेव गुण. बेटकास्टर रीळही नको. फेकताना त्याचा स्पूल (लाइनची चाकी) स्वतः फिरतो, आणि तो जड स्पूल फिरवायला दहा ग्रॅम पुरत नाही आणि समोरून वारा आला की गुंता होतो. हलक्या ल्यूरसाठी बनवलेली वेगळी रीळं मिळतात, पण ती महाग आहेत आणि खाऱ्या पाण्यात लाड फार मागतात.

फेकताना मनगटाचा फटका मारू नका. जिग टोकाखाली अर्धा-पाऊण मीटर लोंबू द्या, मागे नेऊन त्याचं वजन जाणवेपर्यंत थांबा, मग वेग वाढवत सोडा. बारीक लाइन ढिली राहिली की वाऱ्याची गाठ पडते, म्हणून जिग पाण्यावर पडायच्या आधी बोटानं स्पूल दाबा. दहा-साडेदहाला खारा वारा सुरू झाला की वायव्येकडून थेट तोंडावर येतो आणि जिगची फेक निम्म्यावर येते. तेव्हा खालून, सपाट फेका, नाहीतर आवरून चहाला जा. मी उपाशी, थकलेला आणि चिडलेला होतो, म्हणून घळ ओलांडून परत आल्यावरही हट्टानं फेकत राहिलो. काका केव्हाच निघून गेले होते.

एक इशारा. हा रॉड खाडीतल्या जिताड्यासाठी नाही. कर्ली खाडीच्या आत, खांबांजवळ आणि खारफुटीत तो लागला तर एमएल रॉड त्याला आवरू शकत नाही. त्याला वेगळा रॉड, वेगळी लाइन.

देवबाग, तारकर्लीचे दिवस मजेत गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. मालवणला सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपास गळ टाकू नका. तिथं १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

देवबागहून पलीकडे भोगव्याला होडीनं जाणार असाल तर पैसे आधी ठरवा. माझ्याकडून एका होडीवाल्यानं बाराशे घेतले, कर्लीचं मुख ओलांडायचे! वर रॉडची नळी बघून 'सामानाचे' आणखी शंभर. सकाळी पर्यटकांच्या फेऱ्या सुरू व्हायच्या आधी विचारा, दर खाली येतो. नाहीतर सरळ कुडाळ स्टेशनला उतरा आणि परुळेमार्गे रस्त्यानं जा. रिक्षाचं भाडंही बसायच्या आधीच ठरवा, आणि नळी आडवी ठेवायला लावू नका, उभीच धरा.