रेडचा रुबाब आणि नाशिकचा उन्हाळा

नाशिकला पाहुणे आले की पूर्वी सगळं ठरलेलं असायचं, पंचवटी, काळाराम, त्र्यंबक, वेळ उरलाच तर वणीची देवी आणि जाताना चिवड्याची पाकिटं. आता दर्शन झालं, प्रसाद खाऊन झाला की कुणीतरी काका गाडीत हळूच आवाज खाली घेऊन विचारतात, अरे ते गंगापूर धरणाकडे वाइनचं काहीतरी आहे म्हणे, लांब आहे का रे? लांब नाहीये हे काकांना पक्कं माहीत असतं, मॅप आधीच बघून झालेला असतो. मग आम्ही जातो, टेस्टिंगच्या काउंटरला उभे राहतो, आणि दरवेळी एकच गोष्ट होते ज्यावर माझं डोकं फिरतं. आधी व्हाइट येतात, त्या सगळे दोन घोटांत संपवतात आणि हात चोळत म्हणतात, चला, आता खरी वाइन येऊ दे.

खरी म्हणजे लाल. का तर सिनेमात लाल असते, फोटोत लाल छान दिसते, आणि डॉक्टरांनीच सांगितलंय असं सांगणारा एक तरी माणूस प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच.

पण व्हाइट जरा थांबून प्या ना राव. सोव्हिन्यॉं ब्लांकचा ग्लास दांडीला धरून (पोटाला नाही, हाताने गरम होते) दोनदा फिरवा आणि नाक आत घाला, कापलेल्या ढोबळी मिरचीचा आणि ओल्या गवताचा वास येतो. ही कल्पनाशक्ती वगैरे नाही हां, ढोबळी मिरचीत जी पायराझिन नावाची द्रव्यं असतात तीच या द्राक्षात असतात. शेनिन ब्लांक त्या मानाने मवाळ, अननस, पिकलेला पेरू, शेवटी थोडी गोडी, पहिल्यांदा पिणाऱ्याला हमखास आवडणारी, म्हणूनच बहुतेक तिला कुणी फार मान देत नाही. आणि रिसलिंग, ही मूळची जर्मनीकडची, ती जुनी झाली की तिला चक्क रॉकेलसारखा वास येतो आणि जाणकार लोक तो वास आला म्हणून खूश होतात! आमच्या काकूंनी हे ऐकून ग्लास लांब धरला होता.

रेडबद्दल माझं काही वाकडं नाहीये. रस काळ्या द्राक्षाचा असला तरी बहुतेक वेळा तो पांढुरकाच असतो, रंग सगळा सालीत, म्हणून रेड करताना रस सालीसकट आंबवतात आणि व्हाइटला साल आधीच बाजूला काढतात. सालीबरोबर आणि बियांबरोबर येतं टॅनिन, ज्याने जीभ आणि हिरड्या कोरड्या पडतात, बिनदुधाचा चहा जास्त उकळला की होतं तसं. कॅबर्ने नावाच्या रेडमध्ये हे जोरात असतं. दुसरी रेड म्हणजे शिराझ, ती मला त्यातल्या त्यात जवळची वाटते कारण तिच्यात मिरीचा वास येतो, आणि तोही खराच, रोटंडोन नावाचं एकच द्रव्य काळ्या मिरीत पण आहे आणि शिराझमध्ये पण. गंमत म्हणजे पाचातल्या साधारण एका माणसाला हा वास येतच नाही. त्यामुळे टेबलावर एकजण मिरी मिरी करत असतो आणि दुसरा त्याला फेकू समजत असतो, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

या सगळ्यात माझा आवडता जाणकार म्हणजे दाजींचे वडील, आबा. दिंडोरीकडे बाग आहे त्यांची, एका बाजूला थॉमसन, म्हणजे खायची बिनबियांची द्राक्षं, दुसऱ्या बाजूला वायनरीसोबत करार करून लावलेली वाइनची द्राक्षं. आबा माळकरी. आयुष्यात थेंब घेतलेला नाही, घेणार पण नाहीत. पण फेब्रुवारीत बागेत नेतील, एक मणी तोंडात टाकतील, साल जरा चघळतील आणि बिया तळहातावर काढून दाखवतील, ही बघ अजून हिरवी आहे, ही बघ तपकिरी झाली, दाताखाली कडक वाजली पाहिजे, मग तोडायचा माल. रिफ्रॅक्टोमीटर खिशात असतो, त्यावर ब्रिक्स म्हणजे रसातली साखर बघतात, पण तो कंपनीच्या माणसाला दाखवायला जास्त. थॉमसनच्या घडाला जीएमध्ये (जिबरेलिक अ‍ॅसिड, वाढीचं संप्रेरक) बुडवून मणी फुगवायचे, कारण एक्सपोर्टला मोठा मणी लागतो, आणि शेजारच्याच ओळीत उलटं, मणी बारीकच राहिला पाहिजे, कारण बारीक मण्यात रसाच्या मानाने साल जास्त म्हणजे रंग आणि चव जास्त. आबांना हे अजून पूर्ण पटलेलं नाही. एवढी मेहनत करून बारका, जाड सालीचा, बियांनी भरलेला माल, आणि तो पण आंबवायला, असं म्हणून हसतात, पण छाटणी मात्र दोन्हीकडे तेवढ्याच मन लावून, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची फळाची. युरोपात सप्टेंबरच्या आसपास तोडणी, आपल्याकडे जानेवारी ते मार्च, कारण फळ थंडीत पिकवायचं. निफाडला थंडीत पारा पार खाली जातो, रात्री बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, पण याच गार रात्रींमुळे द्राक्षात आंबटपणा टिकतो, आणि व्हाइट वाइनचा सगळा जीव त्या आंबटपणात.

आता उन्हाळ्याचं बोलू. रेड रूम टेंपरेचरला प्यायची, फ्रीजमध्ये ठेवली की पाप, हे ज्ञान प्रत्येकाकडे असतं. अहो पण कुणाची रूम? तो नियम युरोपातल्या जुन्या दगडी घरांचा, तिथली खोली म्हणजे सोळा-अठरा डिग्री. गंगापूर रोडच्या थर्ड फ्लोअरच्या फ्लॅटमध्ये मे महिन्यात खोली पस्तीसला असते, त्या वाइनला मग नुसता अल्कोहोलचा भपका मारतो आणि फळाचा वास कुठल्या कुठे जातो. अर्धा तास फ्रीजमध्ये टाकली तर काही बिघडत नाही, उलट माणसात येते. तरी लोक ऐकत नाहीत. व्हाइट बिचारी थेट फ्रीजमधून काढली, दहा मिनिटं बाहेर ठेवली की तयार, कसलेही नखरे नाहीत.

एकदा ताईच्या गच्चीवर हा वाद फारच पेटला तेव्हा ताईने सगळ्या बाटल्या किचनमध्ये नेऊन पेपरात गुंडाळून आणल्या, वरून रबर बँड, आणि स्टीलचे पेले दिले, म्हणजे रंग पण नीट दिसायला नको. सगळ्या एकसारख्या गार केलेल्या. दाजी, जे मी फक्त रेडच घेतो असं ऑफिसमध्ये सुद्धा सांगत फिरतात, त्यांनी पहिला नंबर दिला एका शेनिनला, आणि ती सगळ्यात स्वस्त बाटली निघाली. दाजी म्हणाले पेल्याला स्टीलचा वास येत होता. मी त्यांना फ्रान्समधल्या बोर्डोचा किस्सा सांगितला, २००१ मध्ये छापून आलेला प्रयोग आहे, वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाइनमध्ये बिनवासाचा लाल रंग घालून दिला तर त्यांनी तिचं वर्णन रेडच्याच शब्दांत केलं. म्हणजे नाक पण डोळ्याचं ऐकतं. आपण पण बीटाचा रस घालून बघू म्हणालो तर ताईने उरलेली बाटली उचलून स्वतःजवळ ठेवली.

खाण्याचं तर विचारूच नका. आपल्याकडचं जेवण तिखट, आणि तिखटावर टॅनिनवाली कडक रेड म्हणजे आग आणखी वाढते, कारण अल्कोहोलने तिखट जास्त लागतं आणि तोंड आधीच कोरडं. काळ्या रश्श्याची मिसळ आणि कॅबर्ने हे कुणी एकत्र आणलं तर मी टेबल सोडून जाईन. तिथे गार, किंचित गोड शेनिनच पाहिजे, घोट घेतला की जीभ शांत, पुढचा घास घ्यायला मोकळी. कोथिंबीरवडी, मक्याची भजी, तळलेलं पापलेट, सगळीकडे सोव्हिन्यॉं लिंबू पिळल्यासारखी बसते.

एक मटण मात्र मी शिराझला सोडतो. काळ्या मसाल्याचं सुकं मटण, वरून मिरी, आणि फ्रीजमधून काढून थोडा वेळ ठेवलेली शिराझ, हे खरंच जमतं, फक्त तिखट जरा बेताने. हे मी ताईला समजावून सांगत होतो की पुढच्या रविवारी मसाला निम्मा घाल म्हणजे वाइन उठून दिसेल, तर दाजी आतून ओरडले, मसाला कशाला कमी करायचा, वाइनच निम्मी आण!