लाईट आली की पेटी बंद

रावेर तालुक्यातील एका केळीच्या बागेत ठिबकचे व्हॉल्व्ह चालवणारी आमची पेटी मे महिन्यात तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा मी नवी बॅटरी घेऊन जळगावहून निघालो. आधीच्या दोन्ही वेळी मी दोष उन्हाला दिला होता. पारा ४५ अंशांवर होता, पत्र्याची पेटी दिवसभर तापत होती आणि एवढ्यावर माझे समाधान झाले होते, जे व्हायला नको होते. बाग नुकतीच निसवू लागली होती आणि या दिवसांत पाण्याची एक पाळी चुकली तरी त्याचा फटका घडांना बसतो.

भुसावळजवळ तापीचा पूल ओलांडून फैजपूर, सावदा करत मी बागेत पोहोचलो, तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. बागेचे मालक, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, बांधावरच भेटले आणि माझ्या हातातील बॅटरी पाहून म्हणाले, “भाऊ, बॅटरीचं राहू द्या. लाईट दिवसाची असली की ही आठवडाभर नीट चालते. रात्रीची पाळी लागली की दहाला लाईट येते आणि ही बसते. तिन्ही वेळा असंच झालं.”

पेटीतील नोंदी मी पुन्हा पाहिल्या. तिन्ही वेळची शेवटची नोंद रात्री दहाची होती.

पेटी दर १५ मिनिटांनी, घड्याळाच्या ठोक्याला जागी होते. ती जमिनीतील ओलावा मोजते, लागतील ते व्हॉल्व्ह फिरवते, पुढचा गजर आरटीसीत, म्हणजे घड्याळाच्या चिपमध्ये, लिहिते आणि साधारण २० सेकंदांत सस्पेंड होते, म्हणजे झोपी जाते. आरटीसी, ओलाव्याचे मोजमाप आकड्यांत देणारा एडीसी आणि जास्तीच्या तारा जोडायला दिलेला जीपीआयओ एक्सपांडर या तिन्ही चिपा एकाच आय-टू-सी बसवर, म्हणजे चिपांना प्रोसेसरशी जोडणाऱ्या सामाईक तारांवर, आहेत आणि पाइपवरील प्रेशर स्विचच्या तारा त्या एक्सपांडरला जोडलेल्या आहेत. दहाला लाईट आली की ऑटो, म्हणजे मोटरचा आपोआप चालणारा स्टार्टर, काही सेकंद थांबून मोटर चालू करतो. त्या वेळी पाइपात हवा असल्यामुळे दाब स्थिरावेपर्यंत प्रेशर स्विचचा संपर्क पाच-सहा सेकंद फडफडत राहतो आणि प्रत्येक फडफडीला प्रोसेसरला एक इंटरप्ट, म्हणजे ‘इकडे बघ’ असा इशारा, जातो. म्हणजे पेटी झोपायला निघते त्याच सेकंदांत हे इंटरप्ट येत होते. दिवसपाळीत त्या फीडरवर लाईट आठ वाजून चाळीस मिनिटांनी येई आणि तेव्हा पेटी गाढ झोपेत असे.

शेवरीच्या सावलीत लॅपटॉप ठेवून मी सिरीयल केबल जोडली आणि सस्पेंडच्या काळातही कन्सोल, म्हणजे स्क्रीनवर येणाऱ्या नोंदी, चालू राहील असा पर्याय देऊन पेटीतील लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, नव्याने सुरू केला. लिनक्समध्ये ‘पीएम टेस्ट’ नावाची एक सोय असते. तिच्यात ‘डिव्हाइसेस’ असे लिहिले की कर्नल सर्व उपकरणांचा सस्पेंड टप्पा पार पाडतो, तिथेच पाच सेकंद थांबतो आणि परत फिरतो. त्या पाच सेकंदांत इंटरप्ट अजून बंद झालेले नसतात. प्रत्यक्षात काही मिलिसेकंदांची असलेली फट मला अशी पाच सेकंद उघडी ठेवता येणार होती.

आबांनी पेटीपाशी बसून प्रेशर स्विचच्या दोन तारा हातात धरल्या. आय-टू-सी बस चालवणारा प्रोसेसरमधील भाग, म्हणजे कंट्रोलर, सस्पेंड झाल्याची ओळ स्क्रीनवर उमटली, परत आलेला आकडा शून्य, म्हणजे सर्व ठीक. मी “आता” म्हणालो आणि त्यांनी तारा एकमेकींना टेकवल्या. त्यानंतर एकही अक्षर आले नाही. पाच सेकंद गेले, मिनिट गेले, बोर्ड जागेवर गोठला होता. वीज काढून पुन्हा तेच केले, पुन्हा तेच झाले. तिसऱ्या वेळी तारांना हात लावला नाही, तर पाच सेकंदांनी बोर्ड मुकाट्याने परत आला. बॅटरीचा खोका मी तेव्हाच गाडीत नेऊन ठेवला.

कंट्रोलरचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा कोड, प्रोसेसर चिपच्या उत्पादकाकडून आलेला होता. त्याच्या सस्पेंड फंक्शनमध्ये कंट्रोलरचे क्लॉक, म्हणजे ज्या ठोक्यांवर तो चालतो ते, थेट बंद केलेले होते, पण ही गोष्ट रनटाइम पॉवर मॅनेजमेंटला, म्हणजे कोणते उपकरण जागे आहे याची नोंद ठेवणाऱ्या कर्नलमधील यंत्रणेला, कळवलेली नव्हती. पेटी झोपण्याआधी शेवटचे काम म्हणून त्याच बसवरून आरटीसीत गजर लिहीत असे आणि कंट्रोलरला आपोआप विश्रांतीत जायला एक सेकंदाची मुदत दिलेली होती, त्यामुळे सस्पेंडच्या वेळी दप्तरी नोंद ‘कंट्रोलर जागा आहे’ हीच असे. फडफडणाऱ्या स्विचमुळे एक्सपांडरचा इंटरप्ट हँडलर चालू होई, तो बसवर वाचायला जाई, कंट्रोलरचा ड्रायव्हर रनटाइमकडे चौकशी करी, ‘जागा आहे’ असे उत्तर मिळे आणि तो क्लॉक नसलेल्या कंट्रोलरच्या रजिस्टरला, म्हणजे त्याच्या आतील नोंदकप्प्याला, हात घाली. आमच्या प्रोसेसरवर अशा रजिस्टरकडून उत्तर येतच नाही आणि वाट पाहणारा संपूर्ण बोर्ड अडकून बसतो. उन्हाचा यात काहीही संबंध नव्हता.

दुरुस्ती लहान होती, पण ती कोणत्या टप्प्यावर करायची याचा मी बराच विचार केला. झोपेकडे जाताना कर्नल सस्पेंड, लेट आणि नो-आयआरक्यू असे टप्पे एकामागून एक घेतो. क्लॉक बंद करण्याचे काम सस्पेंड टप्प्यातून काढून नो-आयआरक्यू टप्प्यात नेले, कारण तिथे पोहोचेपर्यंत कर्नलने उपकरणांचे इंटरप्ट बंद केलेले असतात, आणि ते रनटाइमच्याच फोर्स-सस्पेंड मार्गाने केले, म्हणजे नोंद आणि हार्डवेअर यांत फरक राहणार नाही. मात्र कोड वाचताना आणखी एक फट दिसली. लेट टप्प्यापासून कर्नल रनटाइमची यंत्रणा थांबवतो आणि त्या क्षणी कंट्रोलर विश्रांतीत असेल तर त्याला उठवण्याची विनंती उणे १३ ही त्रुटी घेऊन परत येते. म्हणून सस्पेंड टप्प्यातच कंट्रोलरला जागे करून शेवटपर्यंत धरून ठेवले. शिवाय क्लॉक बंद करण्याआधी अडॅप्टरवर, म्हणजे कर्नलमधील त्या बसच्या नोंदीवर, ‘निलंबित’ अशी खूण केली. ती असली की उशिरा आलेली विनंती कर्नलमधील आय-टू-सीचा गाभाच उणे १०८ ही त्रुटी देऊन परत पाठवतो आणि हार्डवेअरला कोणी हात लावत नाही.

संध्याकाळी आबांनी पुन्हा तारा टेकवल्या, या वेळी दहा-बारा वेळा. बसवरील प्रत्येक वाचन पूर्ण झाले आणि बोर्ड पाच सेकंदांनी परत आला.

तरीही मी दहापर्यंत थांबलो. आबांच्या घरून कळण्याची भाकरी आणि ठेचा आला, तो आम्ही बांधावरच खाल्ला. दहाला लाईट आली, ऑटोने मोटर उचलली, पाइपातील हवा फुत्कारत बाहेर पडली. स्क्रीनवर सस्पेंडच्या ओळी सरकल्या, मग सगळे शांत झाले. तेवढ्याने माझी खात्री पटणारी नव्हती, कारण गोठलेली पेटीही शांतच असते. सव्वादहाला पेटी जागी झाली, तिने ओलावा मोजला आणि दुसऱ्या भागाचा व्हॉल्व्ह उघडला, तेव्हा आबा टॉर्च घेऊन ड्रिपर पाहायला आत गेले.

मी तिथेच बसून त्याच उत्पादकाचा एसपीआयचा, म्हणजे चिपा जोडणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या बसचा, ड्रायव्हर उघडला. त्यातही सस्पेंड टप्प्यात क्लॉक तसेच थेट बंद केलेले होते. चोपड्याच्या शेतकऱ्यांकडे जाणाऱ्या पेट्या मी दुसऱ्या दिवशी सकाळी थांबवून ठेवल्या आणि दोन्ही ड्रायव्हर दुरुस्त करूनच पाठवल्या.