हिंगणघाटजवळच्या जुन्या जिनातील ऑइल इंजिने

नागपूरहून जाममार्गे हिंगणघाटकडे जाताना महामार्ग सोडून आत वळले, की एका गावाच्या टोकाला बंद पडलेल्या जिनाची, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याची, पत्र्याची शेड लागते. तेथे काही निवृत्त मेकॅनिक आणि शेतकरी महिन्यातून एका रविवारी जमून, पदरचे पैसे घालून जुनी ऑइल इंजिने पुन्हा चालती करतात. नोव्हेंबरमध्ये कापसाच्या ट्रॅक्टरांमागे अडकून मी साडेदहाला पोहोचलो, तेव्हा पहिले इंजिन सुरू होऊन गेले होते. आपण नवाच्या आत पोहोचावे, कारण चालू इंजिनापेक्षा ते चालू करण्याची खटपटच अधिक पाहण्यासारखी असते.

दुपारी हॉट बल्ब जातीच्या इंजिनाने ती हुकलेली संधी भरून काढली. इंग्लंडच्या हॉर्न्सबी कंपनीने या जातीची इंजिने 1892 पासून बनवली, म्हणजे रुडॉल्फ डिझेलचे इंजिन 1897 मध्ये यशस्वी होण्याच्याही आधी. यात हवा इतकी कमी दाबली जाते, की त्या उष्णतेवर तेल पेटत नाही. म्हणून सिलिंडरच्या टोकाचा बीडाचा (ओतीव लोखंडाचा) पोकळ गोळा आधी ब्लोलॅम्पने तापवावा लागतो. पंधरा मिनिटे निळी ज्योत फुरफुरत राहिली, मग दोघांनी मोठे चाक हाताने झोकले आणि तिसऱ्या झोक्याला पहिला ठोका पडला. पुढे दिवा विझवला तरी चालतो, कारण स्फोटांच्या उष्णतेनेच गोळा तापलेला राहतो.

शेजारचे सहा अश्वशक्तीचे, मिनिटाला 650 फेरे घेणारे इंग्लंडच्या लिस्टर कंपनीच्या धर्तीचे राजकोटी इंजिन मात्र आपल्याकडच्या विहिरींवरचेच आहे. त्याच्या सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या जॅकेटमधून पंपाचेच खारट पाणी वर्षानुवर्षे फिरवल्यामुळे आत बोटभर जाडीचा पांढरा थर बसला होता. तो वाकवलेल्या तारेने खरवडताना चुन्याच्या खपल्या घमेल्यात पडत होत्या. रंगरंगोटीपेक्षा हे काम मला अधिक मोलाचे वाटले.

मला हँडल मारू दिले, पण आधी एका काकांनी मूठ तपासली: ‘‘भाऊ, अंगठा बोटांच्याच बाजूनं ठेवा, हँडलनं उलटी मारली तं मनगट जाते.’’ एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे धूर बाहेर सोडणारी झडप, उचलून धरून चाकाला वेग द्यायचा आणि मगच व्हॉल्व्ह सोडायचा. इंजिनांच्या फिरत्या पट्ट्यांना जाळी नसल्याने ओढणी, पदर आणि लहान मुले दूर ठेवावीत. तिकीट नाही, मात्र डिझेलसाठी दानपेटी आहे. जेवण हिंगणघाटलाच उरकावे, पाणी सोबत न्यावे आणि मार्च ते जून टाळावे, कारण पत्र्याखाली उभे राहवत नाही.

घरच्या विहिरीवर एखादे इंजिन गंजत पडले असेल, तर त्याच्या पाटीचे आणि गव्हर्नरचे (वेग काबूत ठेवणाऱ्या भागाचे) फोटो न्यावेत. भंगारवाला पितळेची पाटी सर्वांत आधी काढतो आणि ती गेली, की इंजिनाचा नंबर कळत नाही. मग जुळणारा सुटा भाग शोधताना ही मंडळी हैराण होतात.