अल्कोसो पेढीचा हेअर (जर्मन भूसेना) खंजीर, नोंद ५ : पॉमेल सुटलं, मूठ मात्र हातची चालली

एकोणिसाव्या दिवशी जाम झालेलं पॉमेल, म्हणजे मुठीच्या टोकाची धातूची टोपी, पाव फेरा फिरलं आणि मग बोटांनीच निघालं. ओकच्या पानांची एकही शीर दबली नाही, चांदीचा मुलामा जिथल्या तिथे. पण मूठ टँगवरून (पात्याचा मुठीत जाणारा भाग) सरकवली तसा आतून कापराचा उग्र वास आला आणि खाली पसरलेल्या कागदावर हिरवट भुकटी सांडली.

आधी पॉमेलचं सांगतो, कारण नोंद ४ मधली पद्धत चुकीची होती. तेव्हा खंजीर टोक खाली धरून सांध्यावर तेल सोडलं होतं. १९३५च्या नमुन्याचं पॉमेल म्हणजे आंधळी टोपी, आटे तिच्या पोटात. वरून सोडलेलं तेल तिथे चढत नाही, सरळ मुठीत उतरतं. धरायचं उलटं : पॉमेल खाली, टोक वर, आणि टोकाला बुचाचा तुकडा. २६ गेजच्या सुईने सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब, दिवसातून एकदा. बारा तासांनी आलेला ओघळ टिपून घ्यायचा. गंज सोडवणारे स्प्रे नकोत, त्यांत कोणता द्रावक आहे ते कळत नाही. अॅसिटोन आणि ट्रान्समिशन ऑइल यांचं लोकप्रिय मिश्रण तर या खंजिराजवळ आणूच नका. अॅसिटोनमध्ये सेल्युलॉइड विरघळतं, आणि या मुठीचं कवच त्याचंच आहे.

तलवारींकडून इकडे वळलेल्यांनी हे जास्त लक्षात ठेवावं : आपल्या तलवारीची मूठ लाखेच्या मसाल्याने बसवलेली असते, शेक दिला की सुटते. ती सवय इथे घातक आहे. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. बिघडलेलं असेल तर थोड्या उष्णतेनेही पेट घेतं. हीट गन नाही, ड्रायर नाही, आणि अस्सल-नक्कल ओळखायला तापलेली सुई टोचायचा जुना सल्लाही नाही.

पकड अशी होती : सागाच्या दोन फळ्यांना आतून २ मिमी चामडं, त्यांत पातं मुळाशी धरून व्हाइसमध्ये आवळलं. क्रॉसगार्ड (मूठ आणि पातं यांच्यामधला आडवा धातूचा भाग) किंवा मूठ पकडून जोर लावायचा नाही. क्रॉसगार्ड टँगवर पिळवटतो आणि मुठीचं कवच तडकतं. पॉमेलवर आधी सुती कापडाचे दोन फेरे, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी, मग स्ट्रॅप रेंच (पट्ट्याने आवळून फिरवायचा पाना). कापड गाळू नका. रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. जोर आधी घट्ट करायच्या दिशेने केसभर, मग सोडायच्या दिशेने. पहिल्याच झटक्यात सोडवायला गेलं की पानांचे उंचवटे चपटे होतात, आणि बाजारात असे चपटे पॉमेल कितीतरी दिसतात.

आता आतली गोष्ट. या मुठीला प्लास्टरचा गाभा आहे, वर सेल्युलॉइडचं पातळ कवच. टँगवरचा तपकिरी थर मुठीच्या लांबीइतकाच आहे, त्याच्या वरखाली पोलाद स्वच्छ. फेरूलच्या (मुठीच्या टोकाचं धातूचं कडं) आतल्या पितळेवर निळा-हिरवा थर. ओलसर पीएच पट्टी आतून टेकवली तर ३च्या आसपास. सेल्युलॉइड जुनं झालं की नायट्रोजनच्या ऑक्साइडांच्या वाफा सोडतं, ओलाव्यात त्यांचं नायट्रिक आम्ल होतं, आणि ते आम्ल उरलेल्या सेल्युलॉइडची कुज आणखी वाढवतं. बंद मुठीतून वाफ बाहेर जायला वाट नाही. प्लास्टर ओल धरून ठेवतं, पण ते जिप्सम असल्याने आम्ल मारत नाही. गाभा खडूचा असता तर थोडी तरी मदत झाली असती.

नोंद ३ मधलं कोडं मात्र यातून सुटलं. फेरूल आणि मूठ यांच्यामध्ये फट दिसत होती, त्यावरून मूठ दुसऱ्या खंजिराची असावी असा संशय घेतला होता. मापं घेतली : कवच ९० मिमी, गाभा ९१.५ मिमी. कापूर उडून जातो तसं कवच आकसतं, प्लास्टर आकसत नाही. म्हणून टोकाला फट आणि दुसऱ्या पिळापासून खाली उभी चीर. टँगवरच्या थराची हद्दही गाभ्याच्या दोन्ही टोकांशी तंतोतंत जुळते. म्हणजे मूठ आणि पातं अनेक दशकं एकत्र आहेत. कारखान्यातूनच एकत्र निघाले, हे यावरून सिद्ध होत नाही. युद्धानंतर उरलेल्या सुट्या भागांतून जोडलेल्या खंजिरांवरही एव्हाना असाच डाग पडलेला असणार. तरी मूठ अलीकडे बदललेली नाही, एवढं नक्की.

आणखी एक समाधान : क्रॉसगार्डखालचा चामड्याचा वॉशर जुनाच आहे, पाठीवर क्रॉसगार्डचा ठसा उमटलेला. आणि तेल पुसल्यावर पात्यावरचा पेढीचा तराजूचा शिक्का भिंगाशिवाय वाचता येतो. या शिक्क्याबद्दल एक गोष्ट प्रत्येक नोंदीत यायला हवी असं वाटतं. अल्कोसो म्हणजे अलेक्झांडर कोपेल, झोलिंगन (जर्मनी). १८२१पासूनची ही ज्यू कुटुंबाची पेढी नाझी राजवटीत त्यांच्या हातून काढून घेतली गेली. डॉ. अलेक्झांडर कोपेल यांना १९४२ मध्ये थेरेसिएनश्टाटच्या नाझी छावणीत पाठवलं आणि तिथेच त्यांचा मृत्यू झाला. झोलिंगनमधल्या एका शाळेला आज त्यांचं नाव आहे. क्रॉसगार्डवर स्वस्तिक धरलेला गरुड आणि पात्यावर कोपेल यांचा तराजू : हा खंजीर संग्रहात ठेवायचा तर दोन्ही वाचता आले पाहिजेत.

आता पुढचं काम. चिरेत पॅरालॉइड बी-७२ (जतनकामातलं अॅक्रिलिक रेझिन) भरायचा बेत रद्द. ते सहसा अॅसिटोनमध्येच विरघळवतात, आणि चीर बुजवली तरी कुज थांबणार नाही. मूठ कायमची वेगळी ठेवावी लागेल. झिपच्या पिशवीत नाही. तिथे ती स्वतःच्याच वाफेत आणखी लवकर जाते. छिद्रं पाडलेली आम्लमुक्त पुठ्ठ्याची पेटी, सोबत अॅक्टिव्हेटेड कार्बन, आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली, आणि त्या कपाटात कोणतीही धातूची वस्तू नाही. कोकण-गोव्यात पावसाळ्यात एवढी कोरडी हवा डिह्युमिडिफायरशिवाय जमत नाही. पेटीत एक ए-डी पट्टी, म्हणजे आम्लाची वाफ दाखवणारी रंग बदलणारी पट्टीही टाकली आहे. ती जुन्या फिल्मच्या आंबट कुजेसाठी (व्हिनेगर सिंड्रोम) असते, पण आम्लाची वाफ कुठलीही असो, निळ्याची हिरवी, मग पिवळी होते.

टँग : डिस्टिल्ड पाण्याने ओला केलेला बोळा, तीनदा, लगेच कोरडा करायचा, मग व्हाइट स्पिरिट, शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा हात. गंज बांबूच्या काडीने खरवडला. सँडपेपर लावला तर टँगवरच्या जुळणीच्या खुणा जातात. फेरूललाही हेच, चांदीचं डिप (उजळायला बुडवायचं द्रावण) विकणाऱ्यांच्या जाहिराती कितीही आकर्षक असल्या तरी तो मुलामा इतका पातळ आहे की दोन बुडव्यांत पितळ दिसेल.

मुठीच्या जागी सागाचा ठोकळा घडवायचं ठरलं होतं, लांबी कवचाच्या मापाने. मापं लिहिता लिहिताच दोन्ही गोष्टी बदलल्या. लांबी गाभ्याची, ९१.५ मिमी, नाहीतर पॉमेल पुन्हा सैल बसेल. आणि साग नाही, पारदर्शक अॅक्रिलिक. पिवळसर रंगाची नवी मूठ बसवली तर उद्या कुणीतरी ती अस्सल म्हणून विकेल; पारदर्शक नळी बदली आहे हे लांबूनच दिसतं, आणि आतल्या टँगवर नवा गंज आला तर तोही न उघडता दिसेल. ४२ सेंमीचा पोर्टेपे (मुठीभोवतीची शोभेची दोरी) मूळ गाठीसकट सरकवून काढला आहे. तो नळी बसल्यावरच परत चढेल.

अॅक्रिलिकच्या दांड्यात टँगच्या चपट्या आकाराचं भोक कसं पाडायचं ते अजून ठरायचं आहे. सध्याचा विचार : दांडा उभा चिरून दोन अर्ध्या भागांत खाच कोरायची आणि चिकटवायचं नाही, फेरूल आणि पॉमेलच्या दाबावरच धरू द्यायचं. आधी पाइनच्या तुकड्यावर तालीम होईल. ए-डी पट्टी तीस दिवसांनी वाचायची आहे.