जुलैतले फोटो आणि ज्युरी

आर्किटेक्चरचा नॅशनल अवॉर्ड म्हटलं की लोकांना स्टेज, ट्रॉफी आणि ग्रुप फोटो एवढंच दिसतं. त्याच्या आधी काय होतं ते सांगतो. एन्ट्री म्हणजे ठरलेल्या साइजच्या शीट्स, काही फोटो आणि एक छोटी डिझाइन नोट. पहिल्या चाळणीत एका प्रोजेक्टच्या वाट्याला मोजकी मिनिटं येतात आणि तेवढ्यात फोटो बघून होतात, सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापून आतली रचना दाखवणारं ड्रॉइंग, वाचून होत नाही. ज्याच्याकडे फोटोग्राफर चांगला तो पुढे सरकतो, हे मी बरीच वर्षं बघतोय आणि मला ते अजिबात पटत नाही.

मी अशाच एका अवॉर्डसाठी (नाव मुद्दाम लिहीत नाही) शॉर्टलिस्ट झालेल्या इमारती प्रत्यक्ष बघून रिपोर्ट द्यायचं काम केलं. कोकणातलं मुलींचं हॉस्टेल माझ्या यादीत होतं, आणि तारीख आली ऐन जुलैत.

एन्ट्रीतले फोटो थंडीतले. जांभ्याच्या उघड्या भिंती, मंगलोरी कौलं, नैऋत्येला लांबलचक मोकळी पडवी, तिरपं ऊन. मी पोचलो तेव्हा ती पडवी दिसतच नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत माडाची झापं (नारळाच्या विणलेल्या झावळ्या) बांधलेली, मध्ये दोन गाळ्यांत, म्हणजे खांबांमधल्या मोकळ्या जागांत, निळी ताडपत्री, आणि बाहेर कोकणातला पाऊस, जो खालून वर येतोय असं वाटावं इतका आडवा.

पहिल्या नजरेत वाटलं, गळतंय म्हणून लोकांनी काहीतरी जुगाड केलाय. मग रेक्टर बाईंनी वर हात करून दाखवलं. पडवीच्या बीमला ठरावीक अंतरावर सळईचे हुक होते, काँक्रीट ओततानाच सोडलेले, गॅल्व्हनाइज केलेले, तोंड आत वळवलेलं म्हणजे वाऱ्याने झाप उचललं तरी सुंभ निसटत नाही. बीमच्या खालच्या कडेला पाणी तुटायला खाच. खाली कोब्याच्या कडेला उथळ पन्हळ, झापावरून ओघळलेलं पाणी बरोबर त्यात पडून बाहेर जात होतं. आतली जमीन कोरडी होती, मुली तिथे बसून अभ्यास करत होत्या, एका बाजूला कपडे वाळत होते. मी संध्याकाळपर्यंत तिथे होतो, वारा दोनदा फिरला तरी भिंतीवर ओल आली नाही. जांभा पाणी पितो, त्याला झडीसमोर उघडा ठेवायचा म्हणजे धाडस लागतं, आणि इथे त्या धाडसाची पूर्ण तयारी होती.

भिंतच का नाही बांधली? कारण उन्हाळ्यातला वाराही त्याच बाजूने येतो. समुद्राकडची बाजू कायमची बंद केली तर एप्रिल-मेमध्ये आत उकडून जीव जाईल. म्हणून आठ महिने उघडी, चार महिने झापं. कोकणातली जुनी घरं हेच करत आली, या आर्किटेक्ट बाईंनी त्याला नीट डिटेल दिलं. रात्री शीट्स पुन्हा काढल्या, तर तो हुक आणि ती पन्हळ मोठ्या स्केलवर काढलेली होती, शेवटच्या शीटच्या कोपऱ्यात. तिथपर्यंत कोणी पोचलंच नव्हतं.

मी रिपोर्टमध्ये जुलैचे फोटो लावले, सगळं लिहिलं. ज्युरीसमोर ते स्क्रीनवर आले आणि एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, वापरणाऱ्यांनी मूळ डिझाइन झाकून टाकलंय, मेंटेनन्स नाही. मी शीट उघडून हुक दाखवला. त्यांनी बघितला, मान हलवली, पण निळी ताडपत्री काही त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली नाही. ताडपत्री होती कारण त्या वर्षी दोन गाळ्यांपुरती झापं मिळाली नव्हती, हेही मी सांगितलं. दुसऱ्या एकांना पटलं होतं पण ते बोलले नाहीत, आणि मोठ्या नावासमोर गप्प बसायची ही सवय आपल्या व्यवसायाला फार महाग पडते. हॉस्टेल बाजूला पडलं. ज्या इमारतीला अवॉर्ड मिळाला ती वाईट नाही, पण तिचे सगळे फोटो रिकाम्या खोल्यांचे आहेत, एकही माणूस नाही.

म्हणून मला आर्किटेक्चरच्या आंतरराष्ट्रीय आगा खान पुरस्काराची पद्धत आवडते. तिथे इमारत निदान वर्षभर वापरात असावी लागते, परीक्षक काही दिवस तिथे राहून बघतो आणि ज्युरीला उत्तरं देतो. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींच्या इंदूरमधल्या अरण्य वसाहतीला १९९५ साली तो मिळाला, आणि तिथे तर लोकांनी आपापल्या घरात भर घालायची हीच मूळ कल्पना होती. त्याच दोशींना २०१८ मध्ये प्रिट्झ्कर, म्हणजे आर्किटेक्चरमधला सर्वोच्च मानला जाणारा पुरस्कार, मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने स्टेटस ठेवले, आणि इथे मुलींनी बांधलेलं झाप आपल्याला बिघाड वाटतं.

मी आयोजकांना लिहून दिलंय की वापरात असलेल्या इमारतीचे वेगवेगळ्या ऋतूंतले फोटो सक्तीचे करा आणि भेट देणाऱ्याचं म्हणणं ज्युरीने फोटो बघायच्या आधी ऐका. अजून उत्तर नाही. आर्किटेक्ट बाईंचा फोन आला होता, विचारत होत्या पुढच्या वेळी काय बदलू. मी म्हटलं इमारतीत काहीच बदलू नका, पहिल्या शीटवर पावसाळा टाका आणि तो हुक एवढा मोठा काढा की कोणाला चुकवता येणार नाही.